प्रथिनांच्या प्रयोगशाळेतून बायोफार्मा कंपनीत जाताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३४, जीवरसायनशास्त्रात पीएचडी, एका जिवाणूतील एन्झाइमची रचना आणि गतिकी यांवर ६ वर्षे काम, त्यानंतर ४ वर्षे पोस्टडॉक (पीएचडीनंतरचे तात्पुरते संशोधनपद), नावावर ७ शोधनिबंध आणि त्यांपैकी ३ निबंधांत पहिले नाव. प्राध्यापकपदासाठी दिलेल्या मुलाखतींतून काहीच निष्पन्न झाले नाही, गाईड म्हणतात की अजून एक चांगला पेपर होऊ द्या, आणि घरी आता कोणी काही म्हणत नाही, हेच तुम्हाला जास्त लागते आहे. अशा वेळी औषधकंपनीकडे वळावे का, वळल्यास कोणत्या विभागात, आणि तिकडे गेल्यावर आपल्यातला संशोधक शिल्लक राहील का, हे तुम्ही विचारले आहे. मी पुण्यात पीएचडी केली, बाहेर पोस्टडॉक केले आणि गेली १७ वर्षे जैविक औषधे बनवणाऱ्या कंपन्यांत प्रथिनांच्या शुद्धीकरणाचे काम करते आहे. त्यांपैकी शेवटची ८ वर्षे माणसे निवडण्याचे कामही माझ्याकडे असल्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंनी काय दिसते ते मला ठाऊक आहे.

वयाचा मुद्दा आधी निकालात काढू. ३४ हे वय कंपनीच्या दृष्टीने अजिबात जास्त नाही. मात्र पोस्टडॉकची चारही वर्षे कंपनी तुमच्या अनुभवात धरेल, ही अपेक्षा ठेवू नका. काही ठिकाणी निम्मी धरतात, काही ठिकाणी मुळीच धरत नाहीत. तुमच्याहून पाच-सहा वर्षांनी लहान असलेली, एमएस्सीनंतर थेट नोकरीला लागलेली एखादी मुलगी तुमची वरिष्ठ असू शकते, आणि पहिल्या सहा महिन्यांत ती तुम्हाला जे शिकवेल ते तुम्हाला खरोखरच येत नसेल. हे ज्यांना पचत नाही ते वर्षभरात परत जातात, असे मी किमान चार जणांच्या बाबतीत पाहिले आहे. चौघेही हुशार होते.

आता खऱ्या प्रश्नाकडे येऊ. विद्यापीठातले संशोधन आणि कंपनीतले काम यांतला फरक बहुतेक जण 'ज्ञानासाठी' आणि 'पैशासाठी' असा मांडतात, आणि तो माझ्या मते चुकीचा आहे. फरक आहे तो आपण प्रथिनाला कोणता प्रश्न विचारतो यात. तुम्ही आजवर विचारत आलात की हे प्रथिन काय आहे आणि कसे चालते. आम्ही विचारतो की आज बनवलेले प्रथिन आणि मागच्या मार्चमध्ये बनवलेले प्रथिन एकच आहे का, आणि असल्यास ते त्रयस्थ माणसाला कागदावर दाखवून देता येते का. स्फटिकासाठी लावलेल्या दोनशे थेंबांपैकी एका थेंबात चांगला स्फटिक आला की आपण प्रयोगशाळेत पेढे वाटतो आणि उरलेले एकशे नव्व्याण्णव विसरून जातो, कारण रचना कळायला एकच पुरतो. कंपनीत त्या एकशे नव्व्याण्णवांचे काय झाले याचेच उत्तर द्यावे लागते. यात विज्ञान कमी नसते. उलट प्रथिनाच्या खोड्यांचे ज्ञान इथे जितके कामाला येते तितके मला पीएचडीतही आले नव्हते.

हा सारखेपणाचा अट्टहास कुठून आला हे एका उदाहरणावरून लक्षात येईल. मूत्रपिंडाच्या रुग्णांना रक्तपेशी वाढाव्यात म्हणून एपोइटिन अल्फा हे प्रथिन टोचतात. १९९८ च्या सुमारास युरोपात त्याच्या एका उत्पादनाच्या मिश्रणातून मानवी अल्ब्युमिन काढून त्याऐवजी पॉलिसॉर्बेट ८० वापरण्यात आले. प्रथिनाची अमिनो आम्ले तीच, पेशी त्याच, शुद्धीकरणही तेच. पुढच्या काही वर्षांत, विशेषतः त्वचेखाली इंजेक्शन घेणाऱ्या रुग्णांमध्ये, औषधाविरुद्ध प्रतिपिंडे (अँटिबॉडी) तयार होऊन त्यांनी रुग्णाच्या स्वतःच्या शरीरातले एरिथ्रोपोइटिनही, म्हणजे हे औषध ज्याची नक्कल आहे ते नैसर्गिक प्रथिनही, निकामी केल्याची प्रकरणे पुढे आली. अशा रुग्णांच्या अस्थिमज्जेत तांबड्या पेशी बनणेच थांबत होते. सिरिंजच्या रबरी बुचातून उतरणारे पदार्थ, प्रथिनाचे रेणू एकमेकांना चिकटून होणारे ॲग्रिगेट, साठवण आणि टोचण्याची पद्धत, अशा अनेक कारणांवर चर्चा झाली. लेप दिलेली बुचे आणि इतर उपाय आल्यावर प्रकरणे कमी झाली. रबरी बुचापर्यंतची प्रत्येक गोष्ट म्हणजे प्रथिनाचे जीवरसायनशास्त्र, हे त्या प्रकरणाने आमच्या क्षेत्राच्या मनावर कायमचे कोरले.

माझा स्वतःचा धडा एवढा गंभीर नव्हता, पण तो मला रोज आठवतो. कंपनीतल्या दुसऱ्या वर्षी मी एका प्रतिपिंडाच्या शुद्धीकरणाची प्रक्रिया प्रयोगशाळेतून पायलट प्लांटमध्ये, म्हणजे छोट्या चाचणी-कारखान्यात, नेत होते. प्रतिपिंड पकडून ठेवणाऱ्या प्रोटीन ए कॉलमवरून ते आम्लधर्मी बफरने उतरवतात, विषाणू निष्प्रभ व्हावेत म्हणून ते साधारण ३.५ पीएचला तासभर तसेच ठेवतात आणि मग आम्लता कमी करणारे ट्रिस घालून उदासीन करतात. अर्ध्या लिटरच्या चंचुपात्रात, चुंबकीय ढवळणीवर, हे सगळे मी तीसेक वेळा केले होते आणि ॲग्रिगेटचे प्रमाण कधीच १ टक्क्यावर गेले नव्हते. पाचशे लिटरच्या टाकीतली पहिली बॅच निघाली तेव्हा ते ३ टक्क्यांच्या पुढे होते. आम्ही पंधरा दिवस पेशींवर संशय घेतला, कॉलमवर घेतला, ॲग्रिगेट मोजणाऱ्या एचपीएलसी यंत्रावर घेतला. मी तर रेणूच्या पृष्ठभागावरच्या जलविरोधी भागांची चित्रे काढून बैठकीत दाखवली, जी फार सुंदर होती आणि ज्यांचा काहीही उपयोग नव्हता.

शेवटी रात्रपाळीचे एक जुने ऑपरेटर, ज्यांना सगळे काका म्हणत, मला म्हणाले, "मॅडम, टाकीत ओतलं म्हणजे मिसळलं असं नसतं. एकदा नुसत्या पाण्यात रंग टाकून बघा." आम्ही बघितले. फेस होऊ नये म्हणून ढवळणीचा वेग कमी ठेवला होता, पाते तळाशी होते आणि ट्रिसचा पाइप वर. रंग कितीतरी वेळ वरच्या थरात नुसता फिरत राहिला. म्हणजे वरच्या प्रथिनाला अचानक जास्त पीएच सोसावा लागत होता आणि तळाचे प्रथिन हवे त्यापेक्षा जास्त वेळ आम्लात पडून होते. पाइप पात्याजवळ उतरवला, ट्रिस पातळ करून सावकाश सोडले, आणि पुढच्या बॅचमध्ये आकडा पुन्हा १ टक्क्याखाली आला. हे सांगण्याचे कारण असे की तुम्हाला पीएच, पीआय (ज्या पीएचला प्रथिनावरचा एकूण भार शून्य होतो), प्रथिनाचे उलगडणे हे सगळे माझ्याइतकेच येते. येत नसते ते टाकीला प्रश्न विचारणे, आणि ते कोणत्याही अभ्यासक्रमात शिकवलेले मी पाहिलेले नाही. ते प्लांटमध्ये उभे राहून आणि काकांसारख्या माणसांशी नीट बोलूनच येते.

विभागांविषयी बोलताना मी समतोल राखणार नाही, कारण तुमच्या पार्श्वभूमीला सगळे विभाग सारखे नाहीत. तुम्ही लिहिता की डिफरन्शियल स्कॅनिंग फ्लोरिमेट्री, आयटीसी आणि साइझ एक्सक्लूजन कॉलम या प्रथिनाची स्थिरता, बांधणी आणि आकार तपासण्याच्या तंत्रांवर तुमचा हात बसलेला आहे आणि थोडे मास स्पेक्ट्रोमेट्रीचे कामही केले आहे. हे वाचल्यावर माझ्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा फॉर्म्युलेशन डेव्हलपमेंट आले. हा विभाग बाहेरच्यांना कंटाळवाणा वाटतो, कारण त्याचे काम म्हणजे बफर, साखर आणि पॉलिसॉर्बेट यांचे प्रमाण ठरवणे असे सांगितले जाते. प्रत्यक्षात प्रश्न असा असतो की मिलीलिटरला १०० ते १५० मिलिग्रॅम इतके दाट केलेले प्रतिपिंड दोन वर्षे २ ते ८ अंशांवर बसून राहील, सुईतून जाण्याइतके पातळ राहील आणि त्यातले अ‍ॅस्पॅराजिनचे अवशेष (हे एक अमिनो आम्ल) डीअमिडेशन होऊन, म्हणजे त्यांतला अमाइड गट सुटून, बदलणार नाहीत, असे मिश्रण कोणते. अ‍ॅस्पॅराजिननंतर ग्लायसिन आले की ती जागा नाजूक असते. डीअमिडेशनने वस्तुमानात जेमतेम १ डाल्टनची (रेणूच्या वस्तुमानाचे एकक) भर पडते, पण भार बदलतो आणि आयन एक्सचेंजच्या आलेखात आम्लधर्मी बाजूला एक खांदा उगवतो. मेथिऑनिनच्या ऑक्सिडेशनने १६ डाल्टन वाढतात. कोणता बदल औषधाच्या कामात फरक करतो आणि कोणता नुसताच दिसतो, हे ठरवायला रचना डोळ्यांसमोर आणता येणारा माणूस लागतो. तुम्ही दहा वर्षे तेच केले आहे. शिवाय ४० अंशांवर केलेल्या वेगवान चाचणीवरून २ ते ८ अंशांवरचे आयुष्य प्रथिनांच्या बाबतीत खात्रीने सांगता येत नाही, म्हणूनच आयसीएच या औषधनियमनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या क्यू५सी या मार्गदर्शिकेत प्रत्यक्ष साठवणीच्या तापमानातली, प्रत्यक्ष काळाची माहिती मागितली जाते. त्यामुळे या विभागात धीर लागतो आणि तो पोस्टडॉकांकडे भरपूर असतो.

दुसरा पर्याय ॲनालिटिकल डेव्हलपमेंटचा. भारतात बायोसिमिलर, म्हणजे मूळ जैविक औषधाशी मिळतीजुळती औषधे, हा मोठा व्यवसाय आहे. हैदराबादेत शांता बायोटेक्निक्सने पुनर्संयोजित (जनुक दुसऱ्या पेशीत घालून बनवलेली) हेपटायटिस बी लस १९९७ मध्ये आणली, २००७ मध्ये डॉ. रेड्डीजने रिटुक्सिमॅबचे बायोसिमिलर बाजारात आणले, २०१२ मध्ये या औषधांसाठी आपली मार्गदर्शक तत्त्वे आली आणि २०१६ मध्ये ती सुधारली गेली. बायोसिमिलरचा सगळा डोलारा 'आमचे रेणू मूळ रेणूंसारखे आहेत' या विधानावर उभा असतो आणि ते विधान सिद्ध करण्याचे काम हाच विभाग करतो: पेप्टाइड मॅपिंग, शर्करासाखळ्यांचे विश्लेषण, भारभेदांचे आलेख, ग्राहीशी (रिसेप्टरशी) बांधणी. एखाद्या साखळीतला फ्युकोज कमी झाला की प्रतिपिंडाची पेशी मारण्याची क्षमता वाढते, आणि वाढलेली क्षमतासुद्धा इथे दोष ठरते, हे नव्या माणसाला पहिल्यांदा पटतच नाही. 'जास्त चांगले' हा शब्दप्रयोग आमच्या क्षेत्रात चालत नाही.

शुद्धीकरण, म्हणजे डाउनस्ट्रीम, हे माझे क्षेत्र असल्यामुळे त्याची शिफारस करताना मी पक्षपाती असणार. पण हाताने काम करायला आवडत असेल आणि प्लांटचा आवाज सहन होत असेल तर जरूर या. निकेल कॉलम आणि त्याला प्रथिन पकडता यावे म्हणून जोडलेली हिस्टिडिनची शेपटी विसरावी लागेल एवढे लक्षात ठेवा, कारण रुग्णाला टोचायच्या प्रथिनाला आपल्या सोयीसाठी शेपटी जोडणे सहसा टाळले जाते. यजमान पेशीची प्रथिने मिलिग्रॅममागे किती नॅनोग्रॅम उरली, हा तुमचा नवा शुद्धतेचा आकडा; जेलवर एकच पट्टा दिसला म्हणजे प्रथिन शुद्ध, हे समाधान संपले. क्वालिटी कंट्रोलमध्ये पीएचडी झालेल्याने पहिली नोकरी म्हणून जाऊ नये असे माझे मत आहे. तिथे ठरलेल्या चाचण्या ठरल्या पद्धतीने करायच्या असतात आणि तुमच्यासारखा माणूस तिथे तिसऱ्या महिन्यात पद्धत सुधारायला निघतो. रेग्युलेटरी विभाग उत्तम, पण चार-पाच वर्षांनी, हातात अनुभव आल्यावर.

औषधाबाहेरही प्रथिनांचे काम आहे, आणि तुम्ही तर एन्झाइमचे माणूस आहात. ठाण्याच्या ॲडव्हान्स्ड एन्झाइम्ससारख्या कंपन्या अन्नप्रक्रिया, पशुखाद्य आणि कापड उद्योगासाठी एन्झाइम बनवतात. तिथे शुद्धतेचा बाऊ कमी आणि किलोमागच्या खर्चाचा जास्त असतो, आणि केकॅट भाग केएम हा एन्झाइमची कार्यक्षमता सांगणारा आकडा ज्याला झोपेतही सांगता येतो त्याला मान असतो. बायोकॉनचीही १९७८ मधली सुरुवात पपईतल्या पपेनसारख्या एन्झाइमांपासूनच झाली. निदानाच्या किटसाठी प्रतिजन आणि प्रतिपिंडे बनवणाऱ्या कंपन्या आहेत. उपकरणे आणि रेझिन (कॉलममध्ये भरायचे मणी) विकणाऱ्या कंपन्यांत ॲप्लिकेशन सायंटिस्ट हे पद असते, ज्यात प्रवास फार आणि ओळखी अमाप. कुटुंबामुळे पुणे सोडायचे नसेल तर पर्याय कमी होतात पण संपत नाहीत: पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली तेव्हापासून या पट्ट्यात किण्वनाची परंपरा आहे, १९६६ पासून हडपसरला सीरम आहे, ज्यांनी कोव्होव्हॅक्स ही पुनर्संयोजित प्रथिनावर आधारलेली लस बनवली, हिंजवडीला जेनोव्हा ही कंपनी आहे, ल्युपिनचा जैविक औषधांचा विभाग पुण्यात आहे. तरीही हैदराबाद, बेंगळुरू आणि अहमदाबाद यांचा विचार मनातून पहिल्या दिवशीच काढून टाकू नका.

आता ज्याचा तुम्हाला खरा त्रास होणार आहे ते सांगते. कंपनीतल्या माझ्या पहिल्याच महिन्यात मी स्पेक्ट्रोफोटोमीटरसमोर उभी असताना वही जवळ नव्हती म्हणून २८० नॅनोमीटरचे वाचन टिश्यू पेपरच्या कोपऱ्यावर लिहिले, मग वहीत उतरवले आणि टिश्यू कचऱ्यात टाकला. संध्याकाळी क्वालिटी ॲश्युरन्सचे एक शांत गृहस्थ तो चुरगळलेला टिश्यू प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या टेबलावर घेऊन आले. वहीतला आकडा ०.६१२ होता आणि टिश्यूवरचाही ०.६१२ होता, माझा मुद्दा असा की दोन्ही सारखेच तर आहेत, त्यांचा मुद्दा असा की मूळ नोंद टिश्यूवरची आहे आणि ती मी नष्ट केली. त्या एका आकड्यासाठी चार पानांचे डेव्हिएशन (नियम मोडल्याचा खुलासा) लिहावे लागले. मला राग आला होता, आणि आज मी त्या गृहस्थांच्या बाजूने आहे. नोंद कोणी केली, केव्हा केली, मूळ आहे का, वाचता येते का, हे प्रश्न विचारण्याचा अधिकार त्या रुग्णाला आहे जो कधीच आमच्या प्रयोगशाळेत येणार नाही, आणि त्याच्या वतीने ते टिश्यू उचलत होते. तुम्ही आजपासूनच तुमच्या वहीत खाडाखोड न करता एक रेघ मारून, तारीख व सही घालून दुरुस्ती करायला लागा. मुलाखतीत अशी वही दाखवता येत नाही, पण ही सवय बोलण्यातून कळते.

बायोडेटाविषयी. प्राध्यापकपदासाठीचा अकरा पानांचा बायोडेटा पाठवू नका. दोन पाने पुरतात आणि त्यांत शोधनिबंधांची यादी शेवटी असावी. 'अमुक एन्झाइमची १.८ अँगस्ट्रॉमपर्यंतची रचना उकलली' हे वाक्य मला आदराने वाचता येते, पण मनुष्यबळ विभागातल्या ज्या व्यक्तीच्या हातून तुमचा कागद माझ्यापर्यंत येतो तिला त्यातून काही कळत नाही, आणि मलाही तुमच्याकडून हवी ती माहिती त्यात नसते. त्याच कामाचे वर्णन असे करा: ई. कोलायमध्ये न विरघळणारे प्रथिन विरघळत्या रूपात आणले, उत्पादन लिटरला २ मिलिग्रॅमवरून १४ मिलिग्रॅमवर नेले, शुद्धीकरणाच्या पाच पायऱ्या तीनवर आणल्या, सलग इतक्या तयाऱ्यांमध्ये क्रियाशीलतेतली तफावत इतक्या टक्क्यांच्या आत राहिली. आकडे अर्थात तुमचेच घाला. शेवटचा आकडा तुमच्याकडे नसेल तर तो आत्ता काढा. जुन्या वह्या उघडून दहा तयाऱ्यांची विशिष्ट क्रियाशीलता एका तक्त्यात मांडा आणि तफावत का आली याचा विचार करा. ही संध्याकाळभराची मेहनत म्हणजेच कंपनीच्या कामाची पहिली तालीम आहे.

शोधनिबंध मोजले जातात का? मोजले जातात, पण ते हाती घेतलेले काम तुम्ही तडीस नेता याचा पुरावा म्हणून. नियतकालिकाच्या नावाने माझ्या ओळखीतले कोणीही कंपनीत प्रभावित झालेले नाही.

मुलाखतीत मी प्रत्येकाला एकच प्रश्न हमखास विचारते: तुमचे प्रथिन शेवटचे कधी बिघडले आणि ते तुम्हाला कसे कळले? अनेक जण चमकदार निकालांच्या स्लाइड दाखवत राहतात आणि या प्रश्नाला 'तसे काही झाले नाही' म्हणतात. प्रथिनांवर सहा वर्षे काम केलेल्या माणसाचे प्रथिन कधी बिघडलेच नसेल तर एक तर ते काम दुसऱ्याने केले आहे किंवा त्याला कळलेच नाही. दोन वर्षांपूर्वी एका मुलीने सांगितले की तिचे प्रथिन दर वेळी वजा ८० अंशांवरून काढल्यावर गढूळ व्हायचे. तिने आधी गोठवण्याचा वेग बदलला, मग ग्लिसरॉल घातले, आणि शेवटी लक्षात आले की कॉलमवरून निकेल थोडे थोडे सुटून येत होते आणि धातू बांधून ठेवणारे इडीटीए घातलेल्या नळीतले प्रथिन स्वच्छ राहत होते. तिचा एकच शोधनिबंध होता. तिला आम्ही घेतले. मुलाखतीला येण्याआधी आयसीएचच्या क्यू६बी आणि क्यू५ई या मार्गदर्शिका आणि आपली २०१६ ची तत्त्वे वाचून या. सगळे फुकट उपलब्ध आहे आणि चार संध्याकाळींत वाचून होते. सगळे कळले पाहिजे असे नाही, पण 'कम्पॅरेबिलिटी' (प्रक्रिया बदलल्यावरही प्रथिन सारखेच राहिल्याचे दाखवणे) हा शब्द तुमच्या तोंडून योग्य जागी आला की समोरचा माणूस सावरून बसतो.

संशोधक उरेल का, या प्रश्नाला मी गुळमुळीत उत्तर देणार नाही. एक गोष्ट नक्की जाते, आणि ती म्हणजे मनाला वाटेल त्या धाग्यामागे जाण्याची मोकळीक. एका रेणूच्या आलेखात मुख्य शिखराच्या आधी एक बारीकसा उंचवटा यायचा, दर उन्हाळ्यात थोडा जास्त, पावसाळ्यात कमी. तो मर्यादेच्या आत होता, सुरक्षिततेचा प्रश्न नव्हता, आणि त्याच्यामागे लागायला मला वेळ मिळाला नाही; तो प्रकल्प बंद झाला आणि तो उंचवटा काय होता हे मला आजही माहीत नाही. विद्यापीठात असते तर त्यावर कोणाची तरी पीएचडी झाली असती. प्रकल्प तुमच्या हातात असताना, काम उत्तम चाललेले असताना, बाजाराच्या कारणाने एका बैठकीत संपतो, हेही सोसावे लागते. प्रकाशनांवर बंधने येतात, आणि तुम्ही ज्या कामाचा सर्वाधिक अभिमान बाळगता ते घरच्यांनासुद्धा नीट सांगता येत नाही.

त्याच्या बदल्यात जे मिळते ते असे की रेझिनसाठी तीन कोटेशने, खरेदी समिती आणि चार महिने वाट पाहणे हे प्रकरण संपते. वस्तू वेळेवर येते आणि तिच्या प्रत्येक लॉटबरोबर प्रमाणपत्र येते. पेशीवाले, विश्लेषणवाले, अभियंते आणि कागदपत्रवाले एका प्रथिनाभोवती एकत्र बसतात, आणि आपल्याला न येणारी गोष्ट येणारा माणूस त्याच मजल्यावर सापडतो. माझ्या हातून गेलेल्या प्रक्रियेने बनलेली बाटली पहिल्यांदा एका रुग्णालयाच्या फ्रिजमध्ये पाहिली तेव्हा मी लॉट नंबर वाचला. लेबलावरचे बाकी काही मी वाचलेच नाही.

पैशाचे व्यवहारी बोलू. सध्या रिसर्च असोसिएटला (सरकारी संशोधन प्रकल्पांतले पोस्टडॉकसारखे पद) पहिल्या टप्प्यावर महिना ५८,००० रुपये आणि वर घरभाडे मिळते. कंपनीचा देकार याच्याशी ताडताना वार्षिक सीटीसीच्या (कंपनीला तुमच्यावर येणाऱ्या एकूण खर्चाच्या) आकड्याला भुलू नका. त्यात ग्रॅच्युइटी, कंपनीचा भविष्यनिर्वाह निधीतला हिस्सा आणि मिळेलच असे नाही असा बोनस सगळे धरलेले असते, म्हणून 'हातात किती' हे लेखी विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. न विचारणारा उमेदवारच आम्हाला नवखा वाटतो. पदाच्या नावावर भांडण्यापेक्षा कोणाच्या हाताखाली काम करायचे हे पाहा, शक्य असेल तर त्या व्यक्तीशी अर्धा तास स्वतंत्र बोलून घ्या. नोटीस पीरियड बहुतेक ठिकाणी ९० दिवसांचा असतो, बाहेर पडल्यावर प्रतिस्पर्धी कंपनीत जाण्यावर काही अट आहे का तेही वाचून घ्या.

गाईडना मात्र शेवटच्या क्षणी सांगू नका. माझ्या वेळी मी देकार हातात आल्यावर सांगितले आणि पुढे दोन वर्षे आमचे बोलणे नीट नव्हते, त्यात दोष माझाच होता. 'सर, मी कंपन्यांत अर्ज करतो आहे, आपला पेपर पाठवून मगच जाईन' एवढे वाक्य आधी बोललात तर शिफारसही मिळते आणि मुलाखतीनंतर कंपनीने त्यांना फोन केला तर अडचण होत नाही. जाताना प्लाझ्मिड, प्रथिनांच्या नळ्या किंवा वह्यांच्या प्रती स्वतःबरोबर नेऊ नका, त्या संस्थेच्या आहेत. नव्या कंपनीलाही त्या नको असतात, उलट त्या आणल्याचे कळले तर तिचे वकील घाबरतात. वजा ८० अंशांच्या फ्रीझरमधल्या तुमच्या खोक्यांची यादी मात्र करून ठेवा: कोणत्या नळीत कोणते प्रथिन, कोणता बफर, किती मिलिग्रॅम, कोणत्या तारखेचे. नुसते 'ई-३ फ्रॅ. १२ चांगले' असे लिहिलेल्या ज्या नळ्या आहेत, आणि त्या तुमच्याकडेही असतील, त्यांतले काय आहे ते आठवत असेल तोवर लिहून टाका.